बीन कोण वाजवतंय?



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या ओसरीवर मी लहानपणी कितीतरी बुधवार बसलेलो आहे. हे आधीच सांगतो, कारण आजचा विषय मला त्या ओसरीवरच मिळाला. साल असेल १९५७-५८. मी अकरा-बारा वर्षांचा. गावात मोजून चार रेडिओ, आणि पोरांना मोकळेपणाने ऐकू देणारं घर एकच, गुरुजींचं. लाकडी पेटीचा रेडिओ, एरियलची तार कौलांवरून नेऊन परसातल्या शेवग्याला बांधलेली. बुधवारी रात्री आठला रेडिओ सिलोनवर अमीन सायानींची बिनाका गीतमाला लागे. शॉर्टवेव्हचा आवाज लाटेसारखा जवळ येई, लांब जाई, आणि निवेदक नाव सांगायला लागला की हमखास लांब जाई.

गुरुजींची एक वही होती. दोनशे पानी, उभ्या रेघा मारून रकाने आखलेली. गाणं, चित्रपट, गीतकार, संगीतकार, गायक. लिहायचं काम माझ्याकडे, कारण माझं अक्षर बरं होतं. एका बुधवारी ‘नागिन’मधलं ते बिनीचं गाणं लागलं. गुरुजी डोळे मिटून ऐकत होते. गाणं संपलं आणि मी भराभर रकाने भरले. राजेंद्र कृष्ण, हेमंतकुमार, लता मंगेशकर. गुरुजींनी डोळे उघडले. “आणि बीन कोण वाजवतंय रे?”

मी म्हणालो, “ते सांगितलं नाही.”

“मग समासात प्रश्नचिन्ह टाक. कळलं की लिहू.”

त्या प्रश्नचिन्हाचं उत्तर मला मिळालं तेव्हा गुरुजींना जाऊन दहा-बारा वर्षं होऊन गेली होती. आजचं हे व्याख्यान म्हणजे त्यांना उशिरा दिलेलं उत्तर आहे, असं समजा. मात्र त्या उत्तरापर्यंत मी वाकड्या वाटेने पोचलो, आणि ती वाट उत्तरापेक्षाही मोलाची निघाली. म्हणून आधी तिच्याविषयी.

आपण रेडिओवर जी गाणी ऐकत मोठे झालो, ती तीन-चार नावांनिशी आपल्या घरात आली. विविध भारती ३ ऑक्टोबर १९५७ ला सुरू झाली, तिनेही हाच रिवाज ठेवला. तीही कृपाच म्हणायची, कारण त्याच्या थोडं आधीपर्यंत गाणाऱ्याचं नावही मिळायची खात्री नव्हती.

मालाडला बॉम्बे टॉकीजचा स्टुडिओ होता. १९३६ मध्ये तिथे ‘अछूत कन्या’ तयार झाला. देविकाराणी आणि अशोककुमार यांनी झाडाखाली बसून स्वतःच्या आवाजात गायलेलं त्यातलं पाखराचं गाणं आजही जुन्या लोकांच्या ओठांवर आहे. संगीत सरस्वती देवी. हे नाव वाचून माझ्या डोळ्यांपुढे कितीतरी वर्षं नऊवारीतल्या, तंबोरा घेतलेल्या बाई उभ्या राहत. प्रत्यक्षात त्या खुर्शीद मिनोचर-होमजी. पारशी घरातल्या. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्याकडे शिकलेल्या. मुंबईत रेडिओ केंद्र १९२७ मध्ये सुरू झालं, त्या सुरुवातीच्या काळात खुर्शीद आणि त्यांची बहीण माणेक ‘होमजी सिस्टर्स’ म्हणून तिथून कार्यक्रम करत. म्हणजे रेडिओवर नाव होतं, आणि सिनेमात ते गेलं. कारण पारशी समाजातल्या मुलींनी चित्रपटात काम करावं याला समाजातूनच कडाडून विरोध झाला, तेव्हा स्टुडिओचे संस्थापक हिमांशू राय यांनी दोघींची नावं बदलली. खुर्शीदच्या सरस्वती देवी झाल्या, माणेकच्या चंद्रप्रभा. हिंदी चित्रपटातल्या अगदी पहिल्या स्त्री-संगीतकारांपैकी एक बाई आपल्या दारावरून वेगळ्या नावाने गेली. आपण ओळखीची मान हलवली, पण ओळखलं मात्र नाही.

त्याच मालाडच्या स्टुडिओत १९४९ मध्ये ‘महल’ झाला. संगीत खेमचंद प्रकाश यांचं. झोपाळ्यावरच्या गूढ नायिकेचं गाणं. ते गाणं लांबून येतंय असं वाटलं पाहिजे, तर करायचं काय? आवाज मागेपुढे करणारी यंत्रं हाताशी नव्हती. मग मायक्रोफोन मधोमध ठेवला आणि लताबाई खोलीच्या कोपऱ्यातून गात गात एकेक पाऊल टाकत मायक्रोफोनपाशी आल्या. मुखडा सुरू होण्याच्या नेमक्या क्षणी तिथे पोचायचं. हे लताबाईंनीच पुढे मुलाखतींमधून सांगितलं. एकोणीस-वीस वर्षांची मुलगी, सुरात राहून पावलं मोजते आहे, हे चित्र एकदा डोळ्यांपुढे आलं की त्या गाण्याच्या पहिल्या ओळी निराळ्याच ऐकू येतात.

आणि त्या रेकॉर्डवर गायिका म्हणून छापलेलं नाव कोणतं? कामिनी. चित्रपटात मधुबालाच्या पात्राचं नाव. तेव्हाची चालच तशी होती. गाणं पडद्यावरच्या बाईचं, आवाज कोणाचा हे विचारायचं नाही. लोकांनी मात्र विचारलं. रेडिओ केंद्राकडे पत्रांचा पाऊस पडला, ही गाणारी कोण म्हणून. केंद्राने रेकॉर्ड कंपनीकडे चौकशी केली आणि मग नाव जाहीर झालं. पाठच्या पिढीला वाटतं की लता मंगेशकर हे नाव आभाळातून पडलं. ते आपल्यासारख्या पोस्टकार्ड लिहिणाऱ्या माणसांनी मागून घेतलेलं आहे. मला याचा फार अभिमान वाटतो.

आता गंमत बघा. रेकॉर्डवर गाणाऱ्याचं नाव आलंच पाहिजे म्हणून आग्रह धरणाऱ्या याच बाई पुढे स्वतःहून दुसऱ्या नावामागे गेल्या. भालजी पेंढारकर ‘मोहित्यांची मंजुळा’ करत होते. ठरावीक संगीतकार मोकळे नव्हते. लताबाई म्हणाल्या, मी करते. चित्रपट पडला तर तुझ्या नावाला धक्का लागेल, ही भालजींची काळजी. त्यातून नाव निघालं, आनंदघन. १९६३ चा ‘मोहित्यांची मंजुळा’, १९६४ चा ‘मराठा तितुका मेळवावा’, १९६५ चा ‘साधी माणसं’, १९६९ चा ‘तांबडी माती’. ‘साधी माणसं’मधलं लोहाराच्या भात्यासमोरचं ते गाणं, ज्याच्या ठेक्यात घणाचा आवाज आहे, ते आपल्या आयाबायांनी जात्यावरच्या ओव्यांइतकं आपलं मानलं. जगदीश खेबुडकरांचे शब्द सगळ्यांना माहीत, लताबाईंचा आवाज तर आंधळ्यालाही दिसेल इतका ओळखीचा, आणि चाल कोणाची म्हटलं की, आनंदघन म्हणून कोणी कोल्हापूरकडचे गृहस्थ असावेत! आमच्या वहीत मीच तसं लिहिलेलं आहे, ‘संगीत: श्री. आनंदघन’. राज्य चित्रपट पुरस्काराच्या समारंभात ‘साधी माणसं’साठी हे नाव पुकारलं गेलं तेव्हा कोणी उठेना, आणि आनंदघन सभागृहातच बसल्या आहेत हे शेवटी दुसऱ्याने सांगावं लागलं, ही हकीकत आपल्याकडे घरोघर सांगितली जाते.

मला यात लताबाईंचा नम्रपणा तितकासा महत्त्वाचा वाटत नाही. त्या चालीच महत्त्वाच्या वाटतात. त्या चालींत गाणाऱ्याने आपला गळा मिरवावा अशी एकही जागा नाही. सगळं गाणं त्या लोहाराच्या बायकोला दिलेलं आहे. चाल बांधणारी बाई आणि गाणारी बाई एकच आहे हे कळल्यावर मी ते गाणं पुन्हा ऐकलं. जगातला सगळ्यात तयार गळा हाताशी असताना चाल बांधणारीने त्याला काय काय करू दिलं नाही, ते मला तेव्हा पहिल्यांदा ऐकू आलं.

काही जण म्हणतात, गाणं आवडलं ना, मग कोणी केलं याच्या चौकश्या कशाला? मला हे पटत नाही, आणि त्याचं कारण सांगायला मी तुम्हाला ‘अलबेला’कडे घेऊन जातो. १९५१ सालचा. भगवानदादा, म्हणजे भगवान पालव. त्यांची ती खांदे उडवत हलक्या पावलांनी चालण्याची लकब आजही गणपतीच्या मिरवणुकीत जिवंत आहे. संगीत सी. रामचंद्रांचं. आमच्या वहीत ‘अलबेला’च्या ओळीत संगीतकार सी. रामचंद्र आणि गायक चितळकर अशी दोन वेगळी माणसं आहेत, आणि गुरुजींचीही तशीच समजूत होती. पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर हे एकच गृहस्थ दोन्ही रकान्यांत बसलेले होते.

पण माझा मुद्दा तिसऱ्याच माणसाचा. त्या चित्रपटात नाचाच्या गाण्यात एक बँड दिसतो. पुढे ट्रम्पेट घेतलेला सावळा, हसऱ्या चेहऱ्याचा माणूस. कितीतरी वर्षं मला तो दिग्दर्शकाने उभा केलेला कोणी हौशी नट वाटला. तो होता चिक चॉकलेट. खरं नाव अंतोनियो झेवियर वाझ, १९१६ चा जन्म, बार्देश तालुक्यातलं हळदोणें गाव. मुंबईत ताजमहाल हॉटेलात त्याचा बँड वाजायचा आणि जॅझचे शौकीन त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. दिवसा तो सी. रामचंद्रांबरोबर काम करी. आता ती गाणी ऐका. एका बाजूला आपल्या मातीतली लावणीच्या वळणाची चाल, आणि ओळ संपते न संपते तोच हळदोण्याचं ट्रम्पेट तिला उत्तर देतं. हे नाव कळण्याआधी मला ते ट्रम्पेट ऐकू येत नव्हतं असं नाही. पण ते गाण्याच्या मागच्या भिंतीवर रंगवलेलं होतं. नाव कळलं आणि तो माणूस भिंतीतून बाहेर येऊन गाणाऱ्याच्या शेजारी उभा राहिला. १९६७ मध्ये तो गेला. फक्त एक्कावन्न वर्षांचा.

चिक चॉकलेट एकटा नव्हता. पोर्तुगीज अमलातल्या गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळांतून पोरांना व्हायोलिन आणि पाश्चात्त्य स्वरलिपी शिकवली जाई. शेतीवर भागत नसे. पोरं मुंबईला येत, धोबी तलावाच्या आसपास आपापल्या गावच्या ‘कूडां’त, म्हणजे गावकऱ्यांच्या मुक्कामाच्या क्लबांत उतरत, आणि हॉटेलांत, बँडांत, मग सिनेमाच्या स्टुडिओंत वाजवू लागत.

त्यांची तिथे गरज का पडली, हे समजून घ्यायला त्या काळच्या रेकॉर्डिंगच्या खोलीत डोकावलं पाहिजे. संगीतकार पेटी घेऊन चाल म्हणून दाखवतो. ती चाल त्याच्या गळ्यात आहे, बोटांत आहे, कागदावर नाही. समोर मात्र चाळीस-पन्नास वादक. त्यातल्या वीस व्हायोलिनवाल्यांनी एकाच क्षणी एकच गज ओढायचा, तर प्रत्येकाच्या पुढ्यात लिहिलेला कागद हवा. ही चाल कागदावर उतरवायची, कोणत्या वाद्याला कोणता भाग द्यायचा ते ठरवायचं, दोन कडव्यांमधलं म्युझिक बांधायचं, हे काम अरेंजरचं. आणि ते तुकड्यातुकड्यांत नाही. गायक, कोरस, तालवाद्यं, व्हायोलिनं, सगळे एकाच वेळी. शेवटच्या कडव्यात कोणाची एक पट्टी चुकली की पुन्हा पहिल्यापासून. आपण ज्याला गाण्याचं वातावरण म्हणतो, कडव्याआधी अंगावर येणारी ती व्हायोलिनची लाट, ती पुष्कळदा अरेंजरच्या लेखणीतून आलेली आहे. शंकर-जयकिशनच्या गाण्यांत ती सेबॅस्टियन डिसोझांची. फाळणीआधी लाहोरच्या हॉटेलात बँड चालवणारे, मग मुंबईला आलेले, आणि १९५२ पासून सुमारे दोन दशकं या जोडीचे अरेंजर. त्याच चमूत गोव्याचेच दत्ताराम वाडकर. त्यांच्या एका ठेक्याला वादकांनी ‘दत्ताराम ठेका’ असं नावच देऊन टाकलं. वादकांनी वादकाला दिलेला हा सन्मान रेकॉर्डवर कधी छापला गेला नाही. वादकाला त्या रेकॉर्डिंगचे पैसे मिळत आणि हिशेब तिथेच मिटे.

या सगळ्यांत मला सर्वांत चटका लावणारी गोष्ट अँथनी गोन्साल्विस यांची. तुम्ही हसलात! नाव ऐकलं की अंड्यातून बाहेर पडणारे अमिताभ बच्चन दिसतात, मलाही दिसत. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’तलं ते गाणं रेडिओने इतकं वाजवलं की हे नाव देशभर झालं. आणि नाव असलेला माणूस? गोव्यातल्या माजोर्डा गावचे अँथनी प्रभू गोन्साल्विस, जन्म १९२७, वडील चर्चमध्ये संगीताचे शिक्षक. १९४३ मध्ये मुंबईत येऊन नौशादांच्या ताफ्यात व्हायोलिन वाजवू लागले. पुढे अरेंजर झाले. वांद्र्याच्या घरी शिष्य शिकवले, त्यात प्यारेलाल शर्मा होते आणि राहुलदेव बर्मनही. त्यांचं खरं वेड मात्र वेगळं होतं. राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद एकत्र नांदले पाहिजेत. १९५८ मध्ये त्यांनी इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला, सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात कार्यक्रम केले, आणि त्यात लता मंगेशकर आणि मन्ना डे गायले. वादक गोव्याचे, गायक हिंदुस्थानी, रचना रागावर. तेव्हा असं कोणी मागत नव्हतं. १९६५ मध्ये ते अमेरिकेत सिरॅक्यूज विद्यापीठात गेले. परत आले ते थेट माजोर्ड्याला, स्टुडिओच्या जगापासून लांब.

आणि मग प्यारेलालजींनी काय केलं? लक्ष्मीकांत-प्यारेलाल ही जोडी तेव्हा शिखरावर. पडद्यावर कधी ज्यांचं नाव ठळक आलं नाही, त्या आपल्या गुरूचं पूर्ण नाव आडनावासकट त्यांनी गाण्याच्या तोंडीच बसवलं. गुरुदक्षिणा दिली, ती अशी, की विविध भारतीला ते नाव रोज उच्चारावं लागेल. पण देशाला ते काल्पनिक पात्राचंच नाव वाटत राहिलं. मी ते गाणं वर्षानुवर्षं लग्नांत ऐकलं, नाचलोही असेन, आणि ज्याला वंदन चाललंय तो माणूस गोव्यात जिवंत आहे हे मला माहीत नव्हतं. १८ जानेवारी २०१२ ला अँथनी गोन्साल्विस गेले. तेव्हापासून ते गाणं लागलं की मी क्षणभर बसलेल्या जागी सावरून बसतो.

आता गुरुजींची बीन.

‘नागिन’ १९५४ चा. ती धून पुढे चित्रपटातून निसटली आणि आपल्या वरातीत शिरली. हातरुमालाचं टोक दातात, दुसरं टोक हातात, एक जण पुंगीवाला आणि दुसरा रस्त्यावर लोळणारा नाग. या महाराष्ट्रात ज्याची वरात या धुनेविना निघाली असा माणूस शोधावा लागेल. आणि मला उत्तरही लग्नाच्याच मांडवात मिळालं. जेवणावळ उठली होती. वाद्यवृंदात अ‍ॅकॉर्डियन वाजवणारे एक वयस्क गृहस्थ खुर्चीवर पान लावत बसले होते. मी सहज त्यांना गुरुजींचा प्रश्न विचारला. ‘नागिन’मध्ये बीन कोणी वाजवली हो?

ते म्हणाले, “बीन? बीन नव्हतीच.”

खरी बीन म्हणजे भोपळ्याची तुंबडी आणि तिला जोडलेल्या दोन नळ्या. एक नळी सतत एकच सूर धरते, दुसरीवर धून. गाल फुगवून श्वास न तोडता वाजवायची. सुरांचा आवाका लहान, आणि पट्टी ठरेल तीच. लताबाईंच्या गाण्याबरोबर, पन्नास वादकांच्या मेळात ती बसवणं महाकठीण. तेव्हा क्लॅव्हायोलिन नावाचं एक फ्रेंच वाद्य मुंबईत आलेलं होतं. विजेवर चालणारं, लहानशा पट्ट्यांचं, एका वेळी एकच सूर देणारं. ते वाजवणारे तरुण होते कल्याणजी विरजी शहा. कच्छमधलं कुटुंब, गिरगावात किराणा दुकान. उधारी फेडायला पैसे नाहीत म्हणून एका गिऱ्हाइकाने दुकानदाराच्या मुलांना संगीत शिकवलं, अशी त्यांच्या घरची हकीकत. आणि कल्याणजींच्या जोडीला हार्मोनियमवर होते हेमंतकुमारांचे सहायक रवी, दिल्लीत टपाल खात्यात इलेक्ट्रिशियनचं काम सोडून गायक व्हायला आलेले. पुढे कल्याणजी-आनंदजी झाले, ‘चौदहवीं का चाँद’चे संगीतकार रवी झाले. पण १९५४ मध्ये ही दोन तरुण पोरं होती, आणि त्यांनी मिळून नसलेली पुंगी वाजवली.

त्या गृहस्थांनी पान बाजूला ठेवलं. मांडवातल्या लोखंडी टेबलाच्या कडेवर उजव्या हाताची बोटं मांडली, आणि त्यांचा उजवा गुडघा हळूहळू बाहेरच्या बाजूला सरकू लागला, पुन्हा आत आला. मी विचारलं, हे काय? म्हणाले, “आवाज गुडघ्याने. पट्ट्यांखाली दांडी असते. ती गुडघ्याने ढकलली की सूर फुगतो, सोडली की बसतो. गारुड्याच्या गालांचं काम गुडघा करतो.” ओठांनी धून गुणगुणत त्यांनी दोन ओळी तशाच वाजवल्या, रिकाम्या टेबलावर. सूर फुगायचा तिथे गुडघा बाहेर जात होता. पुढे हेच सगळं मी छापीलही वाचलं, पण मला पटलं ते त्या गुडघ्यावरून.

गुरुजींच्या घरच्यांनी आज सकाळी ती वही मला आणून दिली. पानं पिवळी पडली आहेत, शाई मात्र टिकली आहे. समासातलं प्रश्नचिन्ह माझ्या लहानपणच्या अक्षरात आहे तसंच आहे. त्याच्यापुढे मी लिहिलं: क्लॅव्हायोलिन, कल्याणजी विरजी शहा. हार्मोनियम, रवी. दोन पानं मागे जाऊन ‘अलबेला’च्या समासात चिक चॉकलेट लिहिलं. ‘श्री. आनंदघन’मधला ‘श्री.’ तेवढा मी खोडला नाही.

वाचनालयाने ग्रामोफोनची सोय केली आहे आणि मी ‘नागिन’ची तबकडी आणली आहे. लाखेची आहे, जपून हाताळायला हवी. मुखडा संपला की लताबाई थांबतात आणि तो सूर आत येतो. तिथे सुरुवातीलाच एक लांब सूर आहे, तो कसा फुगतो आणि बसतो तेवढं ऐका. पंखा बंद करा कोणीतरी. सुई ठेवतो.